सोळाशे वर्षे आणि सोळा वर्षे

दि. ५ जुलै १९८६ रोजी पणजी येथील मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला. तो १९७० साली बांधण्यात आला होता. म्हणजे पडतेवेळी त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. ऐन पावसाळ्यात गोव्याच्या राजधानीचा उत्तरेशी असलेला हमरस्ता तुटला आणि नवा पूल उभा राहीपर्यंत लोकांना पुन्हा फेरीबोटीचा आसरा घ्यावा लागला. पणजी-बेती धक्क्यावरील त्या काळची गर्दी आमच्या गोमंतकीय वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस अद्याप आठवत असेल. त्या पुलावर कोणी शत्रूने तोफा डागल्या नव्हत्या की भूकंप झाला नव्हता. पुलाच्या पोटात ताणून बसविलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने आतल्या आत गंजल्या होत्या, असे तज्ज्ञांचे निदान पडले.

आता दुसरे चित्र पाहू. दिल्लीजवळ मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या प्रांगणात एक लोहस्तंभ उभा आहे. त्याची उंची सात मीटरांहून थोडी अधिक आणि वजन सहा टनांहून जास्त. त्यावरील लेखात ज्या 'चंद्र' नामक राजाचा उल्लेख आहे, तो गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त होय असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे स्तंभाचे वय सुमारे सोळाशे वर्षांचे झाले. इतकी वर्षे तो ऊन खात, पाऊस झेलत उघड्यावर उभा आहे आणि जमिनीवरचा त्याचा भाग आजही जवळजवळ निर्दोष आहे.

दोन्ही ठिकाणी धातू एकच, लोखंड. मग एक सोळाशे वर्षे टिकावे आणि दुसऱ्याने सोळा वर्षांत माणसांना दगा द्यावा, हे कसे? 'पूर्वीचे लोक प्रामाणिक होते, आताचे कंत्राटदार लबाड आहेत,' हे उत्तर ऐकावयास बरे वाटते. पण लोखंडाला माणसाच्या शीलाची परीक्षा नसते. त्याला कळते ते पाणी, हवा, मीठ आणि आपल्या अंगावरची कातडी. या कातडीचीच हकीकत आज आम्ही वाचकांस सांगणार आहो.

प्रथम, धातू मुळात गंजतोच का, हे पाहिले पाहिजे. गोव्याच्या डोंगरांतून जे तांबडे लोहखनिज निघते ते म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. आपल्या अंगणातील जांभ्या दगडाची लाली हीसुद्धा त्याच संयुगाची. भट्टीत कोळसा जाळून, प्रचंड उष्णता खर्चून आपण त्या संयुगातून प्राणवायू हुसकावून लावतो, तेव्हा लोखंड हाती येते. ही ताटातूट जबरदस्तीची असते. संधी मिळताच लोखंड पुन्हा प्राणवायूला कवटाळते आणि खाणीतल्या आपल्या मूळ रूपाकडे परतू लागते. खिडकीच्या गजावरील तांबडी भुकटी आणि डोंगरातील तांबडी माती यांचे गोत्र एकच आहे.

ज्या धातूला अशी परतण्याची ओढच नाही, तो गंजणार नाही हे उघड आहे. सोने हे त्याचे ठळक उदाहरण. नदीच्या वाळूत ते शुद्ध धातुरूपातच सापडते, कारण प्राणवायूशी संसार थाटण्याची त्याला इच्छाच नसते. त्याला विरघळविण्यास अम्लराज किंवा सायनाइड यांसारखे जालीम उपाय योजावे लागतात. पवित्र चषकाच्या आतील बाजूस सोन्याचा मुलामा देण्याची जी पूर्वापार चाल आहे, तिला आदराखेरीज हेही एक कारण आहे. द्राक्षारस आंबट असतो आणि सोन्यावर आंबटाचा काही इलाज चालत नाही. चांदी त्याच्या खालोखाल. तिला प्राणवायूचे भय नाही, पण गंधकाचे आहे. उकडलेल्या अंड्यास चांदीचा चमचा लावला की तो काळा पडतो, तो अंड्यातील गंधकामुळे. तांबे आणखी एक पायरी खाली. ते हवेत हळूहळू काळवंडते, कालांतराने त्यावर हिरवट थर चढतो; मात्र तो थर घट्ट बसतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या ख्रिस्तमंदिराची घंटा पाहावी. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेली ती घंटा हिरवी झाली तरी तिचा नाद शाबूत असतो. ती ज्या लोखंडी पट्ट्यांनी टांगलेली असते, त्या मात्र कितीदा तरी बदलाव्या लागतात.

येथवर सारे सरळ दिसते. कुलीन धातू टिकतात, हलक्या कुळीचे गंजतात. आमच्या शाळकरी वयात आम्ही रसायनाच्या पुस्तकातून हाच धडा शिकलो होतो. परंतु स्वयंपाकघरात जाऊन पाहिले तर हा धडा अपुरा ठरतो. ॲल्युमिनिअम हा धातू प्राणवायूसाठी लोखंडापेक्षा कितीतरी अधिक हपापलेला आहे. इतका की ॲल्युमिनिअमची पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र करून पेटविले, तर ॲल्युमिनिअम गंजातील प्राणवायू हिसकावून घेते आणि त्या झटापटीच्या उष्णतेने लोखंडाचा रस होतो. रेल्वेचे रूळ सांधण्यास हीच युक्ती वापरतात. न्यायाने पाहता ॲल्युमिनिअमचे पातेले एका रात्रीत भुकटी होऊन पडावयास हवे. ते तर वर्षानुवर्षे टिकते! मग येथे कुलीनपणाचे गणित कुठे गेले?

या कोड्याची पहिली उकल लोखंडावरील एका चमत्कारिक प्रयोगातून झाली. सौम्य नत्राम्लात लोखंडाचा तुकडा टाकला की तो फसफसून विरघळू लागतो, हे सर्वांस ठाऊक होते. मग तीव्र नत्राम्लात तर तो अधिकच जोराने विरघळावा. पण घडते ते उलटेच. अतितीव्र नत्राम्लात लोखंड ढिम्म राहते. इतकेच नव्हे, तो तुकडा जपून काढून नंतर सौम्य अम्लात ठेवला तरी त्याला काही होत नाही. मात्र त्यावर एक ओरखडा काढावा, की पाहता पाहता सारा तुकडा फसफसू लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार लक्षात आला होता. १८३६ साली बाझल येथील प्राध्यापक शोनबाइन यांनी लंडनमधील मायकेल फॅरेडे यांना त्याविषयी पत्रे लिहिली आणि लोखंडाच्या या अवस्थेस 'निष्क्रिय' अवस्था असे नाव दिले. फॅरेडे यांनी तर्क केला की लोखंडाच्या पृष्ठावर प्राणवायूच्या संयोगाचा अतिसूक्ष्म, डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा आला असला पाहिजे आणि तोच त्याची ढाल होत असला पाहिजे. न दिसणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवण्यास शास्त्रज्ञ सहसा तयार नसतात. त्यामुळे हा वाद जवळजवळ शंभर वर्षे चालला. शेवटी १९२७ साली केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी खालचा धातू काढून टाकून तो पापुद्रा वेगळा करून दाखविला, तेव्हा फॅरेडे यांच्या तर्काला पुरावा मिळाला.

ॲल्युमिनिअमचे रहस्य ते हेच. त्याचा ताजा कापलेला पृष्ठभाग हवेला लागताच क्षणार्धात प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्यावर पापुद्रा धरतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर त्यांतील तीन-चार भागांइतकी त्याची जाडी. पण तो इतका घट्ट, इतका निर्भेळ आणि खालच्या धातूस इतका चिकटून असतो की पुढचा प्राणवायू आत शिरूच शकत नाही. ओरखडा उठला तर उघडा पडलेला धातू लगेच पुन्हा पापुद्रा धरतो. म्हणजे ज्या हपापलेपणामुळे त्याचा नाश व्हावयाचा, त्याच हपापलेपणाने त्याचे रक्षण होते. म्हणून शास्त्रज्ञांचे 'निष्क्रिय' हे नामकरण आम्हांस फारसे रुचत नाही. जो पहारेकरी रात्रंदिवस तटाची डागडुजी करीत असतो त्याला निष्क्रिय कसे म्हणावे?

हा पापुद्रा नसता तर काय झाले असते, तेही पाहता येते. ॲल्युमिनिअमवर पारा पडून तो ओरखड्यातून धातूशी मिसळला, तर त्या जागी पापुद्रा धरू शकत नाही आणि धातू पांढऱ्या तंतूंच्या रूपाने डोळ्यांदेखत उगवू लागतो, जणू बुरशीच. म्हणून विमानातून पारा नेण्यावर कडक निर्बंध असतात. घरातला जुना पाऱ्याचा तापमापक फुटला तर तो ॲल्युमिनिअमच्या ताटात झाडून घेऊ नये. पाऱ्याची वाफ विषारी असते हे तर आहेच. धुण्याचा सोडाही या पापुद्र्याचा वैरी आहे. ॲल्युमिनिअमची कढई सोड्याने घासली की काळी पडते, ती त्यामुळे.

टायटॅनिअम हा धातू याच जातीचा, प्राणवायूचा फार भुकेला, पण त्याचा पापुद्रा समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही. माणसाच्या शरीरातील रक्त व रस खारट असतात, तरीही मोडलेल्या हाडात बसविलेला टायटॅनिअमचा खिळा वर्षानुवर्षे तसाच राहतो.

मग लोखंडाला कातडी नाही काय? आहे, परंतु ती वाईट आहे. प्राणवायू आणि पाणी यांच्या संगतीने लोखंडावर जो गंज धरतो तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी अधिक जागा व्यापतो, फुगतो, भेगाळतो आणि पोपड्यांनी गळून पडतो. तो स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते, पुन्हा गंजते आणि अखेर गजाचा सुतळीएवढा धागा उरतो. येथे एक साधा प्रयोग मुलांना करून दाखविण्याजोगा आहे. तीन काचेच्या बाटल्या घ्याव्यात व प्रत्येकीत एक घासून चकचकीत केलेला खिळा टाकावा. पहिलीत साधे पाणी अर्ध्यापर्यंत घालावे. दुसरीत चांगले उकळून हवा काढून टाकलेले पाणी गळ्यापर्यंत भरून वर तेलाचा थर सोडावा. तिसरी कोरडी ठेवून तीत कळीच्या चुन्याचे दोन खडे टाकावेत व बूच घट्ट लावावे. चुन्याला मुलांनी हात लावू नये. आठवड्याने पाहावे. गंज पहिलीतल्या खिळ्यासच चढलेला दिसेल. केवळ पाणी पुरत नाही, केवळ हवा पुरत नाही. दोन्ही मिळून लोखंड खातात. पाण्यात मीठ घातले तर काम आणखी झपाट्याने होते, कारण गंजणे हा एक विजेचा व्यवहार आहे. लोखंडाच्या एका ठिकाणचे अणू आपले विजाणू सोडून पाण्यात उतरतात, ते विजाणू धातूतून दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेथील प्राणवायूस मिळतात, आणि खारे पाणी हे चक्र पुरे करण्यास उत्तम वाहक ठरते. शिवाय मिठातील क्लोरीनचा अंश हा पापुद्रा भेदण्यात मोठा पटाईत आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

लोखंडास चांगली कातडी उसनी मिळवून देता येईल काय? क्रोमिअम नावाचा धातू लोखंडात मिसळला तर आम्ले त्यावर कमी चालतात, हे फ्रान्समधील पिएर बर्थिए यांनी १८२१ सालीच पाहिले होते. परंतु ते पोलाद ठिसूळ निघे. पुढे इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रीअर्ली हे बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून निरनिराळ्या मिश्रणांचा अभ्यास करीत होते. १९१३ साली त्यांनी ओतलेल्या एका पोलादात शंभरांत सुमारे तेरा भाग क्रोमिअम होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खावा लागतो. हे पोलाद खाल्लेच जाईना! ब्रीअर्ली यांच्या शहराचा पिढीजाद धंदा सुऱ्या-काट्यांचा. बंदुकीपेक्षा सुरीलाच हे पोलाद अधिक उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले. अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्या बनविणाऱ्याने ते व्हिनेगरात ठेवून पाहिले आणि त्याला डागच पडत नाही म्हणून 'स्टेनलेस' हे नाव दिले, असे सांगतात. जवळपास त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यातील शास्त्रज्ञांनी क्रोमिअमबरोबर निकेल मिसळून दुसरे एक पोलाद सिद्ध केले होते. आपल्या घरातील उत्तम ताटवाट्यांचे पोलाद त्या दुसऱ्या वंशातले. त्यात शंभरांत अठरा भाग क्रोमिअम व आठ भाग निकेल असते.

क्रोमिअम शंभरांत साडेदहा भागांहून अधिक झाले की सबंध पृष्ठावर क्रोमिअमच्या संयुगाचा अखंड पापुद्रा धरतो आणि लोखंड त्याच्या आड सुरक्षित राहते. त्याहून कमी असेल तर पापुद्र्यात खिंडारे राहतात. या पोलादाच्या भांड्यांनी पितळी भांडी माळ्यावर चढविली, 'कल्हईऽऽ' अशी आरोळी देत दारी येणारा, नवसागराचा धूर काढणारा कल्हईवाला दिसेनासा केला, आणि ताक कळकण्याची गृहिणीची धास्तीही घालविली. पितळेतील तांबे आंबटात विरघळते म्हणून त्यावर कथलाची कल्हई लागत असे. स्टेनलेसला तिची गरज उरली नाही.

तथापि स्टेनलेस म्हणजे अजिबात न गंजणारे, ही समजूत बरोबर नव्हे. मिठाचे खडे न विरघळता पातेल्याच्या तळाशी पडून राहिले तर त्या जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळावे, म्हणजे हे टळते. लोणच्यासाठी चिनी मातीची बरणीच बरी, स्टीलचा डबा नव्हे. हल्ली बाजारात पुष्कळ भांडी अशा पोलादाची येतात की ज्यात महाग निकेलऐवजी मँगनीज अधिक घातलेले असते आणि क्रोमिअमही बेताचे असते; ती लवकर डागाळतात. ग्राहकाचे समाधान करण्यासाठी दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो आणि 'चिकटत नाही, म्हणजे अस्सल' असे सांगतो. हा पुरावा आमच्या मते कवडीमोल आहे. मँगनीजयुक्त स्वस्त पोलादासही चुंबक चिकटत नाही; उलट केवळ क्रोमिअम असलेल्या चांगल्या न गंजणाऱ्या पोलादास तो चिकटतो. भांड्यावर प्रतीचा आकडा कोरलेला असेल तर तो वाचावा. ३०४ हा आकडा अठरा-आठ जातीचा निदर्शक आहे. समुद्रकाठी कठडे किंवा टाकी करावयाची असेल तर ३१६ मागावा. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू थोडा घातलेला असतो व तो मिठाचा मारा अधिक सोसतो.

आतापर्यंत एकेकट्या धातूचा विचार झाला. संगतीचा परिणाम धातूंवरही होतो, आणि तो शिकविणारा धडा इंग्रजांच्या आरमाराने बराच पैसा मोजून घेतला. १७६१ साली त्यांच्या 'अलार्म' या लढाऊ जहाजाचा लाकडी तळ समुद्रातील किड्यांपासून वाचविण्यासाठी तांब्याच्या पत्र्यांनी मढविण्यात आला. पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते. वेस्ट इंडीजची सफर करून जहाज परत आले तेव्हा तांबे ठाकठीक होते, पण खिळे पार खाल्ले गेले होते आणि पत्रे गळून पडत होते. केवळ काही ठिकाणी खिळे शाबूत राहिले होते. तेथे पाहिले तो ज्या तपकिरी कागदात पत्रे गुंडाळून आले होते, तो कागद कोणी आळशाने तसाच राहू दिला होता! दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस भिडले की त्यांची एक विद्युत्घट बनते. तीत कुलीन धातू सुरक्षित राहतो आणि हलका धातू दोघांचा भार वाहून मरतो. कागद आड आल्यामुळे ही घट तुटली होती.

सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली हाच न्याय उलटा फिरवला. आता तांबेच समुद्रात झिजते अशी आरमाराची तक्रार होती. डेव्ही यांनी तांब्याच्या पत्र्यास जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले. ते तुकडे झिजले व तांबे जसेच्या तसे राहिले. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला आणि तरीही आरमाराने तो टाकून दिला. कारण तांबे पाण्यात किंचित विरघळते, तेच विष शेवाळ व कालवे यांस जहाजाच्या तळापासून दूर ठेवीत असे. तांबे सुरक्षित झाले तसा तळाला शिंपल्यांचा थर चढला व जहाजे मंदावली. डेव्ही यांच्याबद्दल आम्हांस येथे सहानुभूती वाटते. त्यांचे शास्त्र चुकले नव्हते, समुद्रातील जीवांनी आयत्या वेळी हिशेबात शिरून तो बिघडविला. त्यांची युक्ती मात्र मेली नाही. पोलादी जहाजांच्या तळाला आजही जस्ताचे ठोकळे लावतात, आणि आपल्या छपरावरचे जस्त चढविलेले पत्रे हे तिचेच घरगुती रूप आहे. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी भोवतालचे जस्त त्याच्यावतीने झिजत राहते. कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे असे नाही. कथील लोखंडाहून कुलीन. तेथे ओरखडा पडला की गंजावे लागते ते लोखंडालाच, आणि तेही अधिक वेगाने. तांब्याच्या नळास थेट लोखंडी नळ जोडू नये असे जाणता नळकारागीर सांगतो, त्यामागे 'अलार्म' जहाजाचाच अनुभव आहे.

आता दिल्लीच्या स्तंभाकडे वळू. त्याच्या धातूत क्रोमिअम नाही, निकेल नाही. पुष्कळ दिवस लोक त्याविषयी अद्भुत कल्पना करीत. कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी त्याचा कसून अभ्यास केला तेव्हा असे दिसले की त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण शंभरांत सुमारे पाव भाग, म्हणजे आजच्या पोलादाच्या मानाने पुष्कळच जास्त आहे. जुने लोहार लाकडी कोळशावर लोखंड काढीत व भट्टीत चुनखडी घालीत नसत, म्हणून खनिजातला फॉस्फरस मळीबरोबर वाहून न जाता लोखंडातच राही. आजचा कारखानदार तो मुद्दाम काढून टाकतो, कारण फॉस्फरसाने लोखंड ठिसूळ होते. स्तंभाला आरंभी इतर लोखंडासारखाच गंज चढला असला पाहिजे. परंतु त्या गंजाखाली, धातूला लागून, फॉस्फरस साचत गेला. पावसाळी ओल आणि उन्हाळी कोरड यांची आवर्तने होत होत त्यातून फॉस्फेटाचा दाट, स्फटिकमय असा पातळ थर बनला आणि लोखंडास एकदाची चांगली कातडी लाभली. सोळाशे वर्षांनंतरही हा थर एका मिलिमीटरहून पातळच आहे.

दिल्लीची कोरडी हवा त्यास अनुकूल ठरली, हेही सांगितले पाहिजे. जमिनीत गाडलेला त्याचा भाग, जेथे ओल कायम राहते, तो उकरून पाहिला तेव्हा गंजलेला आढळला. आमच्या इंदूरच्या वाचकांना दिल्लीस जाण्याचेही कारण नाही. जवळच धार येथे लाट मशिदीच्या आवारात अशाच एका प्रचंड लोहस्तंभाचे तुकडे उघड्यावर पडले आहेत. त्यातही फॉस्फरस भरपूर आहे आणि तेही शतकानुशतके टिकून आहेत. अलीकडे तांबे, क्रोमिअम व फॉस्फरस बेताने मिसळून, स्वतःच घट्ट गंज धरून थांबणारे पोलाद मुद्दाम करतात. आपल्या रेल्वेच्या डब्यांसाठी असे पोलाद वापरले गेले आहे.

मग मांडवीच्या पुलातील पोलादास कोणतीच कातडी नव्हती काय? होती, आणि चांगली होती. सिमेंट-काँक्रीट हे चुन्यासारखे अतिशय क्षारधर्मी असते. त्यात रुतलेल्या सळईवर शोनबाइन यांच्या खिळ्याप्रमाणेच अदृश्य पापुद्रा धरतो आणि सळई गंजत नाही. काँक्रीट शाबूत तोवर हे असेच चालते. परंतु दोन शत्रू आत शिरतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षावर्षाला थोडा थोडा आत मुरतो आणि काँक्रीटचा क्षारपणा मारतो. दुसरा शत्रू मीठ. समुद्राची वाळू न धुता वापरली, मचूळ पाण्यात सिमेंट कालविले, किंवा खारे तुषार भेगांतून झिरपले, की क्लोरीनचा अंश सळईपर्यंत पोहोचतो आणि पापुद्र्यास जागोजागी भोके पाडतो. साध्या सळईचा गंज फुगून काँक्रीटला तडे पाडतो, पोपडे पाडतो. म्हणजे निदान सूचना तरी मिळते. पुलांत वापरतात त्या ताणलेल्या तारा बारीक असतात आणि सदैव प्रचंड ओढीखाली असतात. त्यांना थोडासा खड्डा पडला तरी त्या काडकन तुटतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला आदल्या दिवसापर्यंत काही दिसत नाही.

अशा धोक्याची दखल आता घेतली जाते. रामेश्वरच्या खाडीवरील १९१४ सालच्या जुन्या पांबन पुलास खाऱ्या वाऱ्यांनी जन्मभर छळले. त्याच्या शेजारी बांधलेला नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये खुला झाला, त्यात काँक्रीटच्या आतील सळयाच न गंजणाऱ्या पोलादाच्या आहेत. ही सोय सामान्य घरबांधणाऱ्यास परवडणारी नाही. त्याच्या हाती आहे ती सळईवरील काँक्रीटची जाडी. भारतीय मानक ४५६ प्रमाणे घराच्या आत, कोरड्या जागी वीस मिलिमीटर आच्छादन चालते. समुद्रकिनाऱ्याच्या हवेस उघड्या पडलेल्या भागास पंचेचाळीस लागते. गवंडी घाईत सळया थेट फळ्यांवर टेकवितो, खाली ठोकळे ठेवीत नाही, आणि पंचेचाळीसचे दहा होतात. स्लॅब ओतण्याच्या दिवशी मालकाने जेवणावळीची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवून वाकून हे ठोकळे मोजावेत.

आणि ज्यांचे घर उभे राहून पंचवीस-तीस वर्षे झाली आहेत, त्यांनी सज्जाच्या खालची बाजू पाहावी. सळईच्या रेषेने तपकिरी डाग किंवा बारीक तडा दिसला तर त्यावर चुना अगर रंग फासू नये. हलक्या हातोडीने ठोकावे. पोकळ आवाज आला तर तेथील काँक्रीट सुटले आहे असे समजून जाणत्या अभियंत्यास बोलवावे, आणि तो येईपर्यंत त्या सज्जावर पाण्याच्या कुंड्या ठेवू नयेत व त्याखाली मुलांना खेळू देऊ नये.